परळच्या एका बाटलीने हाफकिनला गुन्हेगार ठरवलं, ते खोडून काढायला पाच वर्षं गेली

१९३० साल. आपल्याकडे हे वर्ष म्हटलं की दांडीयात्रा आठवते. मिठाचा सत्याग्रह झाला, गांधीजींना पकडून येरवड्याच्या तुरुंगात ठेवलं.

त्याच वर्षी जगाच्या नकाशावर मात्र मोठमोठी माणसं जात होती. मे महिन्यात नॉर्वेचा फ्रिट्यॉफ नान्सेन गेला, ज्याने आधी ग्रीनलंड स्कीवरून पार केलं आणि नंतर देश हरवलेल्या लाखो निर्वासितांना पासपोर्ट मिळवून दिला. जुलैमध्ये शेरलॉक होम्सचा जन्मदाता आर्थर कॉनन डॉयल गेला. नोव्हेंबरमध्ये आल्फ्रेड वेगेनर ग्रीनलंडच्या बर्फात संपला. खंड सरकतात हे सांगितल्यामुळे शास्त्रज्ञ ज्याला हसले होते, तोच हा वेगेनर.

आणि या सगळ्यांच्या मध्ये, २६ ऑक्टोबरला, स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात सत्तर वर्षांचा एक माणूस गेला. एकटा राहायचा. लग्न केलेलं नव्हतं.

त्याचं नाव वाल्डेमर हाफकिन.

नाव ओळखीचं वाटतंय ना? वाटणारच. परळला केईएम आणि टाटा हॉस्पिटलच्या शेजारी हाफकिन इन्स्टिट्यूट आहे. पोलिओच्या लसीमुळे, साप चावल्यावरच्या औषधामुळे हे नाव आपण कधी ना कधी ऐकलेलं असतं. पण हा हाफकिन कोण होता, मुंबईत का आला आणि ज्या जागेला आज त्याचं नाव आहे तिथूनच त्याला का जावं लागलं, हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

तर गोष्ट सुरू होते काळ्या समुद्राच्या काठावर.

१८६० साली ओडेसामध्ये एका ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. आज ओडेसा युक्रेनमध्ये आहे, तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं. तिथल्याच विद्यापीठात तो प्राणिशास्त्र शिकला. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे ती त्याला नडणार आहे. हाफकिन डॉक्टर नव्हता.

विद्यापीठात त्याला गुरू भेटला तो इल्या मेचनिकॉव्ह. शरीरातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना कशा गिळतात हे शोधणारा आणि त्यासाठी पुढे नोबेल मिळवणारा हाच तो. गुरू चांगला मिळाला, पण दिवस वाईट होते. १८८१ मध्ये झारचा खून झाला आणि त्यानंतर रशियात ठिकठिकाणी ज्यू वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. ओडेसातल्या ज्यू तरुणांनी आपल्या वस्त्या वाचवण्यासाठी गट बांधला होता, हाफकिन त्यात होता. मारामारीत तो जखमी झाला आणि वर पोलिसांनी त्यालाच अटक केली. मेचनिकॉव्हने शब्द टाकला म्हणून सुटला.

पुढे प्राध्यापक होण्याची वेळ आली तेव्हा एकच अडचण होती, धर्म. ख्रिस्ती झालास तर नोकरी, नाहीतर नाही. तो ज्यूच राहिला आणि विद्यापीठाच्या प्राणिसंग्रहालयात, म्हणजे जतन केलेल्या नमुन्यांच्या म्युझियममध्ये, छोट्या कामावर राहिला. १८८८ मध्ये त्याने देश सोडला. आधी जिनिव्हा, मग पॅरिस. पॅरिसला तोपर्यंत मेचनिकॉव्ह पोचला होता, लुई पाश्चरच्या नव्याकोऱ्या संस्थेत. तिथे हाफकिनसाठी एकच जागा रिकामी होती, ती ग्रंथालयातली.

त्याने ती घेतली. दिवसा पुस्तकं सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत कॉलऱ्याचे जंतू वाढवायचे. विरंगुळा म्हणून व्हायोलिन होतंच.

त्या काळात कॉलरा म्हणजे काय प्रकरण होतं हे आज सांगूनही पटत नाही. आपल्या गावांमध्ये त्याला पटकी किंवा महामारी म्हणायचे. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी नसायचा. हाफकिनने जंतू कमजोर करून त्याची लस बनवली. आता ती माणसावर चालते का हे बघायचं कोणावर? १८ जुलै १८९२ ला त्याने ती स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखलं, आणि काही दिवसांत तो ठणठणीत झाला. मग काही मित्रांनी टोचून घेतली.

पॅरिसमधल्या जाणकारांना मात्र यात फारसा दम वाटला नाही. स्वतः ठणठणीत राहिलास म्हणजे लस सुरक्षित आहे एवढंच सिद्ध झालं, ती कॉलरा रोखते हे कुठे दिसलं? प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर मिळवायचं तर जिथे कॉलरा आहे तिथे जाणं भाग होतं. भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते. त्यांनी वाट मोकळी करून दिली आणि मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यात उतरला.

पुढचं वर्षभर तो उत्तर भारतात फिरला. आग्रा, अवध, पंजाब. लष्करी छावण्या, तुरुंग, गावं. हजारो लोकांना लस टोचली, तीही जबरदस्ती न करता. ज्याला हवी त्याला, हा त्याचा पहिल्यापासूनचा नियम. पण आकडे नीट जुळत नव्हते, कारण लस घेतलेली माणसं पांगायची आणि हिशेब राहायचा नाही.

हिशेब जुळला तो कलकत्त्याच्या एका बस्तीत. १८९४ च्या मार्चमध्ये तिथे एका तलावाच्या आसपास कॉलरा सुरू झाला. शहराचे आरोग्य अधिकारी सिम्पसन यांनी हाफकिनला बोलावलं. बस्तीतल्या सुमारे दोनशे लोकांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर तिथे आणखी दहा जणांना कॉलरा झाला, त्यातले सात मेले. ते दहाच्या दहा लस न घेतलेले होते.

एकाच घरात, एकच पाणी पिणाऱ्या माणसांमध्ये दिसलेला हा फरक होता. त्यानंतर आसामच्या चहामळ्यांमधून मागणी यायला लागली. मध्ये मलेरियाने त्याला गाठलं, म्हणून युरोपात जावं लागलं. १८९६ ला परत आला, आणि त्याच वर्षी मुंबईत ते झालं.

सप्टेंबर १८९६. मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी एक पेशंट तपासला. ताप आणि गाठ. निदान केलं, प्लेग.

मांडवी म्हणजे बंदराला लागून धान्याची गोदामं, दाटीवाटीच्या चाळी आणि उंदीर. रोग पसरायला आणखी काय लागतं? लोक बोचकी बांधून पळायला लागले. पुढच्या काही महिन्यांत जवळपास निम्मी मुंबई रिकामी झाली.

सरकारने कलकत्त्याहून हाफकिनला बोलावलं. ७ ऑक्टोबरला तो मुंबईत पोचला. त्याला काय मिळालं? भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये एक खोली आणि लगतचा व्हरांडा. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. बस्स.

इथे त्याने जे केलं ते वाचण्यासारखं आहे. जंतू वाढवायला मांसाचा रस्सा लागतो. युरोपात त्यासाठी सर्रास गोमांस वापरायचे. इथे गाय चालणार नाही आणि डुक्करही चालणार नाही, हे त्याने ओळखलं आणि बकऱ्याचं मांस घेतलं. रश्श्यावर त्याने तुपाचे थेंब सोडले. प्लेगचे जंतू त्या तरंगणाऱ्या तुपाला धरून खाली लोंबत वाढायचे, गुहेच्या छतातून चुनखडी लोंबते तसे. भांडं हलवलं की ते खाली पडायचे आणि वर नवे वाढायचे. मग उष्णता देऊन सगळे जंतू मारायचे. मेलेल्या जंतूंची ती लस. कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला मटणाचा रस्सा आणि वर तुपाचा तवंग असलं काही डोळ्यांसमोर आलं तर तो त्याचा दोष नाही.

तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ ला हाफकिनने पुन्हा तेच केलं, आधी स्वतःला टोचून घेतली. तीही नंतर लोकांना दिलेल्या डोसच्या तिप्पट-चौपट. कडक ताप आला, उतरला. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा जवळपास निम्म्या कैद्यांनी आपणहून लस घेतली. दोन्ही गटांना खाणं-पिणं तेच, कोठड्या त्याच. पण लस घेतलेल्यांमध्ये आजारी पडणारे आणि मरणारे कितीतरी कमी निघाले.

लस पूर्ण संरक्षण देत नव्हती आणि हाफकिननेही तसा दावा केला नाही. पण दुसरं काहीच हातात नसताना हे खूप होतं.

तरी लोक घाबरत होते. का घाबरणार नाहीत? त्याच फेब्रुवारीत सरकारने साथरोग कायदा आणला. कोविडच्या वेळी लावला गेला तो हाच १८९७ चा कायदा. पुण्यात रँड साहेबाच्या हाताखाली सोल्जर घराघरात घुसत होते, देवघरापर्यंत जात होते, माणसं उचलून छावणीत नेत होते. जूनमध्ये चापेकर बंधूंनी रँडला गोळ्या घातल्या. त्याच पुण्यात मार्च महिन्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. अशा वातावरणात सरकारी माणूस सुई घेऊन आला तर दार कोण उघडणार? टोचलं की माणूस मरतो, नामर्द होतो, धर्म बाटतो, अशा अफवा मोबाइल नसतानाही गावभर पोचत होत्या.

इथे मदतीला आला विशीतला एक तरुण, खोजा समाजाचा प्रमुख आगा खान तिसरा. त्याने सगळ्यांसमोर स्वतः लस टोचून घेतली आणि हाफकिनला कामासाठी माझगावची आपली एक इमारत दिली. मुंबईतल्या खोजांपैकी हजारोंनी लस घेतली.

जागा बदलत बदलत १८९९ च्या ऑगस्टमध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. मुंबईचे गव्हर्नर पूर्वी इथे राहायचे. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी याच घरात कॉलऱ्याने वारली आणि मग गव्हर्नरांनी मुक्काम कायमचा मलबार हिलला हलवला. कॉलऱ्यामुळे सुटलेलं घर कॉलऱ्याची लस काढणाऱ्याला मिळालं.

आता हाफकिन शिखरावर होता. राणी व्हिक्टोरियाने किताब दिला. परळहून बाटल्या देशभर, देशाबाहेर जात होत्या. पण इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या इंग्रज डॉक्टरांच्या डोळ्यांत तो खुपत होता. डॉक्टर नाही, इंग्रज नाही, वर रशियातला ज्यू. काहींना तर तो रशियाचा हेर वाटायचा. कोणीतरी घसरण्याची वाट बघत असावं, अशीच ही परिस्थिती होती.

१९०२ मध्ये पंजाब सरकारने प्लेगविरुद्ध मोठी मोहीम काढली. लसीची मागणी एकदम वाढली. तोपर्यंत परळमध्ये एक बदल झालेला होता. आधी लसीत खबरदारी म्हणून कार्बोलिक ॲसिड घालायचे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ते न घालता फक्त उष्णतेने निर्जंतुक करायची पद्धत होती, ती हाफकिनने घेतली. काम लवकर व्हायचं आणि तोवर तक्रार नव्हती.

३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुलकोवाल गावात लसीकरण झालं. हे गाव आज पाकिस्तानात आहे. त्या दिवशी पाच बाटल्यांमधून १०७ जणांना लस दिली.

आठवड्याभराने त्यातल्या १९ जणांचे जबडे आखडायला लागले. धनुर्वात. एकोणीसच्या एकोणीस जण मेले. सगळ्यांना लस दिली होती ती एकाच बाटलीतून, नंबर ५३-एन. बाकीच्या ८८ जणांना काहीही झालं नाही.

बाटली परळमध्ये ४१ दिवस आधी भरलेली होती. चौकशीला आयोग बसला, मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स त्याचे अध्यक्ष. निष्कर्ष असा की धनुर्वाताचे जंतू बाटली उघडण्याआधीच आत होते. म्हणजे दोष परळचा. कार्बोलिक ॲसिड बंद करणंही चूक ठरवलं. हाफकिनला संचालकपदावरून दूर केलं आणि बिनपगारी रजेवर पाठवलं. १९०४ मध्ये तो लंडनला गेला.

हाफकिनची बाजू मुळात साधी होती आणि आता नीट वाचा, कारण इथे गोष्ट डिटेक्टिव्ह कादंबरीसारखी होते.

धनुर्वाताचे जंतू बंद बाटलीत, मांसाच्या रश्श्यात वाढले की भयंकर घाण वास सुटतो. ४१ दिवस जंतू आत असते तर बूच काढल्याबरोबर सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले असते. मुलकोवालला बाटली उघडली तेव्हा वास आला नव्हता. शेरलॉक होम्सच्या एका गाजलेल्या कथेत रात्री कुत्रा भुंकला नाही यावरून चोर सापडतो. इथे न आलेला वास हाच पुरावा होता.

मग जंतू आले कुठून? बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक केला नाही, जंतुनाशकात वरवर बुडवून काढला आणि त्यानेच बूच काढलं. धनुर्वाताचे जंतू राहतात कुठे? मातीत.

एवढं असूनही डिसेंबर १९०६ मध्ये सरकारने अहवाल छापला तो हाफकिनला दोषी धरणाराच. चार वर्षं झाली होती. लोक या प्रकरणाला छोटं ड्रायफस प्रकरण म्हणायला लागले. फ्रान्समध्ये ड्रायफस नावाच्या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला खोट्या आरोपात अडकवलं होतं, त्यावरून.

त्याच्या बाजूने उभं कोण राहिलं? रोनाल्ड रॉस. डासांमुळे मलेरिया होतो हे सिकंदराबादेत शोधून नोबेल मिळवलेला. त्याने मागे हटायचं नाही असं ठरवलं होतं. त्याचं म्हणणं असं होतं की हा एका माणसाच्या अब्रूचा प्रश्न तर आहेच, पण सगळ्या लसीचाच प्रश्न आहे. मुंबईतून विष येतं असं सरकारच सांगणार असेल तर पंजाबात सुई घ्यायला कोण पुढे येईल? आणि प्लेग तर तिथे दर वर्षी लाखोंना नेत होता. जुलै १९०७ मध्ये रॉस आणि आणखी नऊ नामवंत शास्त्रज्ञांच्या सह्यांचं पत्र लंडनच्या टाइम्समध्ये छापून आलं. ब्रिटिश संसदेतही विषय निघाला. शेवटी नोव्हेंबर १९०७ मध्ये सरकारने हाफकिनला आरोपातून मोकळं केलं.

जाता जाता एक योगायोग. त्याच वर्षी लंडनच्या दुसऱ्या एका पेपरात कॉनन डॉयल दुसऱ्याच एका माणसासाठी भांडत होता. जॉर्ज एडलजी. त्याचे वडील शापूरजी मूळचे मुंबईचे पारशी, इंग्लंडमध्ये पाद्री झालेले. घोड्याला जखमी केल्याच्या आरोपात जॉर्जला सात वर्षांची शिक्षा लागली होती. डॉयलने त्याची नजर किती अधू आहे हे दाखवून दिलं. असा माणूस रात्रीच्या अंधारात शेतं तुडवत जाईल कसा? मे १९०७ मध्ये एडलजीला माफी मिळाली, भरपाई एक पैसाही नाही.

हाफकिनची गतही वेगळी नव्हती. निर्दोष ठरला, पण परळची खुर्ची परत मिळाली नाही. तिथे दुसरा माणूस बसला होता. त्याला कलकत्त्याला प्रयोगशाळा दिली, पण लस बनवायची सोय नाही आणि माणसांवर चाचण्या करायच्या नाहीत. कॉलऱ्याची नवी लस त्याच्या डोक्यात होती, ती तपासून बघायची परवानगी मिळाली नाही. जो माणूस वस्त्यांमधून फिरून काम करायचा त्याला टेबलाशी बांधून ठेवलं. सात-आठ वर्षं त्याने तशीच काढली आणि १९१५ मध्ये पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त होऊन फ्रान्सला गेला.

नंतरचा हाफकिन जवळजवळ वेगळाच माणूस आहे. ओडेसातला क्रांतिकारक पोरगा म्हातारपणी कडक धार्मिक ज्यू झाला. सगळे विधी पाळायचा, पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या शाळांसाठी पैसे द्यायचा. लसींविषयी फारसं काही नाही.

इकडे परळमध्ये काम थांबलं नव्हतं. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून प्लेगच्या लसीचे २ कोटी ६० लाख डोस बाहेर पडले. १९२५ मध्ये तेव्हाचे संचालक मॅकी यांच्या सूचनेवरून प्रयोगशाळेचं नाव बदलून हाफकिन इन्स्टिट्यूट ठेवलं. हाफकिनने पत्र पाठवून आभार मानले. आपल्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं मुंबईच्या कामात गेली, तिथल्या प्रत्येक गोष्टीविषयी काय वाटतं हे वेगळं सांगायला नको, असा त्याचा आशय होता. मुलकोवालचा उल्लेखही नाही.

१९२८ मध्ये तो लोझानला राहायला गेला आणि दोन वर्षांनी तिथेच वारला. आयुष्यभराची कमाई त्याने ज्यू धर्मशिक्षणाच्या शाळांसाठी ठेवली होती. १९६४ मध्ये भारत सरकारने त्याच्या नावाचं पोस्टाचं तिकीट काढलं.